बर्फातल्या लाकडी घरात घरच्यांसह सुट्टी : बेळगावकरांनी करायची तयारी

बेळगावात डिसेंबरात पारा बारा-तेरावर उतरला की ट्रंकेतले स्वेटर निघतात आणि तेवढ्यावर भागतं. मनालीत जानेवारीतल्या रात्री पारा शून्याखाली उतरतो, सिस्सूसारख्या उंच गावात तर बराच खाली. तरी आपल्याकडून गेलेल्या माणसाला तिथे खरा त्रास देते ती ओल. भिजलेले मोजे, ओलं सरपण, दमट रजई, आतून घामेजलेलं जॅकेट. खानापूर-जांबोटीचा पाऊस काढलेल्यांना ओल नवी नाही, पण इकडे ओल्या कपड्याला फक्त वास येतो, तिकडे तो अंगातली ऊब शोषून घेतो. म्हणून या तयारीतला प्रत्येक निर्णय 'यानं कोरडं राहता येईल का' असं विचारून घ्यावा.

कधी आणि कुठे

हिमाचल-काश्मीरात हिवाळ्यात बर्फ पडतो तो पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या ओलसर हवेच्या पट्ट्यांमुळे. हे पट्टे आपल्या सुट्ट्या बघून येत नाहीत. नाताळच्या आठवड्यात मनाली गावात बर्फ नसणं अगदी नेहमीचं. गर्दी मात्र हमखास, आणि मनालीच्या वरच्या सोलंगच्या रस्त्यावर तासन्‌तास गाड्या अडकलेल्या. बर्फाची जास्त खात्री जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत.

अडचण शाळेची. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, नाताळची सलग सुट्टी बहुतेक कॉन्व्हेंट शाळांनाच. मुलं कॉन्व्हेंटमध्ये असतील तर नाताळात जा, पण मुक्काम उंचावर घ्या. बाकीच्यांनी २६ जानेवारीला जोडून रजा काढावी. मुलांचा अभ्यास बुडतो हे खरं, पण नाताळात जाऊन कोरडा डोंगर बघून येण्यापेक्षा ते परवडतं.

उंची लक्षात ठेवा. मनाली सुमारे २०५० मीटर, सोलंग अडीच हजार, शिमल्याच्या पुढचं नारकंडा २७००, गुलमर्ग २६५०, अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू ३१०० मीटरच्या आसपास. नऊ किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाल्यापासून सिस्सू हिवाळ्यातही गाठता येतं. तरी मोठा बर्फ पडला की पोलीस पर्यटकांच्या गाड्या अलीकडेच थांबवतात. शिवाय हालडा आणि फागली या सणांच्या काळात, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, तिथल्या पंचायतीनं पर्यटन बंद ठेवल्याचं अलीकडे घडलं आहे. पैसे भरण्याआधी घरमालकाला तारीख सांगून विचारा.

पहिल्यांदाच जाणाऱ्या, सोबत आज्जी-आजोबा आणि लहान मुलं असलेल्या घरानं मुक्काम मनाली ते सोलंग या पट्ट्यात करावा आणि सिस्सूला दिवसा जाऊन यावं. दवाखाना, औषधाचं दुकान, गॅसचा सिलिंडर सगळं हाताशी राहतं. गुलमर्ग निवडलंत तर एक गोष्ट: बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरात निदान एक पोस्टपेड नंबर हवाच.

पोचायचं कसं

स्वतःची गाडी घेऊन जाऊ नका. बेळगावहून दिल्लीच अठराशे किलोमीटरच्या आसपास, तिथून मनाली आणखी सव्वापाचशेच्या वर, आणि शेवटचे वीस किलोमीटर असे की घाटात आयुष्य काढलेल्या ड्रायव्हरलाही तिथे नवशिक्यासारखं वाटावं. सावलीतल्या वळणावर रात्री पाझरलेलं पाणी गोठून काचेसारखा पातळ थर होतो. तो दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. त्यावर चोर्ल्याच्या घाटातला अनुभव उपयोगी पडत नाही.

सोयीची गाडी गोवा एक्सप्रेस: लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे करत हजरत निजामुद्दीनला, गाडीत दोन रात्री. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा २३ जानेवारीला निघायचं तर नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात तारीख मोजून बसा. दुसरा मार्ग मडगावहून चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती. ती आठवड्यातून दोनच दिवस असते, पण दिल्लीची धावपळ वाचते. चंदीगडहून मनाली तीनशे किलोमीटर आहे.

दिल्लीहून रात्रीची व्होल्वो बारा-चौदा तास घेते. तरुणांना ठीक. गुडघे दुखणाऱ्या आज्जींना चंदीगडला किंवा वाटेतल्या मंडी गावात एक रात्र झोपवून दिवसा पुढे न्या. मनालीतून वर जायला मात्र स्थानिक टॅक्सीच करा. बर्फात फोर-बाय-फोर आणि टायरला साखळी लागते, आणि साखळी केव्हा लावायची हे त्या ड्रायव्हरलाच कळतं.

घर ठरवताना विचारायचं ते

फोटोवर जाऊ नका. 'लाकडी कॉटेज' नावाखाली दोन प्रकार मिळतात. एक जुनं काठकुणी बांधणीचं: देवदाराचे ओंडके आणि दगड यांचे एकाआड एक थर, जाड भिंत, लहान खिडक्या, बुटकी दारं. दुसरं लोखंडी सांगाड्यावर पाइनच्या एकेरी फळ्या ठोकून केलेलं, मोठमोठ्या काचांचं. फोटोत दुसरं देखणं दिसतं, रात्री पहिलं बरं. काचांचंच हवं असेल तर काच दुहेरी आहे का आणि फळ्यांच्या मागे कापूस किंवा थर्माकोलसारखं काही भरलंय का, हे विचारा. मालक अडखळला तर उत्तर मिळालं.

खोलीत तंदूर आहे का? हिमाचलात तंदूर म्हणजे पत्र्याची किंवा बिडाची, नळीनं धूर बाहेर सोडणारी बंद शेगडी. काश्मीरकडे तिलाच बुखारी म्हणतात. नळी थेट छपराच्या वर गेलीय की नुसती भिंतीतून बाहेर काढलीय, हेही विचारा. छपरावर गेलेली चांगली ओढते. सरपण भाड्यात धरलंय की किलोवर? सहा जणांची बैठकीची खोली संध्याकाळी पाच तास ऊबदार ठेवायला कोरडं लाकूड बारा ते पंधरा किलो लागतं. चार संध्याकाळचे साठ किलो धरा आणि त्या हिशोबानं दर ठरवा.

गीझर तीन लिटरचा असेल तर सहा जणांच्या आंघोळी दुपारपर्यंत चालतील, पंधरा-पंचवीस लिटरचा हवा. बर्फ पडल्यावर गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून किती चढ चालायचा, हे मीटरमध्ये विचारा. 'बस, पाँच मिनट' हे डोंगरातल्या माणसाचं पाच मिनिटं असतं. वीज गेल्यावर इन्व्हर्टर काय काय ओढतो? दिवे आणि मोबाइल, बहुतेक एवढंच. रस्ता बंद झाला तर पैसे परत की तारीख पुढे, हे मेसेजवर लिहून घ्या.

कपडे

तीन थर, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. चूक आतल्या थरात होते. आपल्याकडच्या दुकानांत 'थर्मल' म्हणून मिळतं ते पुष्कळदा सुती असतं. चढ चढला की घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांबल्यावर पाठ गार पडते. लेबल वाचा: पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर हवी, कॉटन जितकं कमी तितकं चांगलं. बनियनही आत घालू नका. मधला थर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा. त्यासाठी महागडं जॅकेट लागतंच असं नाही. पावसाळ्यात वापरता तो चांगला रेनकोट सैल असेल तर जाड स्वेटरवर तो काम करतो. फक्त चालताना त्याची चेन थोडी उघडी ठेवा, नाहीतर आतून भिजतो.

माणशी थर्मलचे दोन जोड, मधले थर दोन, हातमोज्यांचे दोन जोड (मुलांना तीन), कानटोपी, आणि लोकरी मोज्यांचे चार जोड. चारातला एक जोड फक्त झोपताना घालायचा. तो दिवसा कितीही मोह झाला तरी बॅगेतून बाहेर काढायचा नाही.

बर्फातले बूट आणि कोट मनाली-सोलंग रस्त्यावर भाड्यानं मिळतात, दुकानांना नंबर असतात. कोट घेताना आत हात घालून बघा. आधीच्या गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बर्फ वितळून अस्तर ओलं राहिलेलं असतं. बूट एक नंबर मोठा घ्या. पाय गार पडतात म्हणून दोन-दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गार पडतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घरचे पावसाळी गमबूट नेऊ नका. रबर पाणी अडवतं, थंडी अडवत नाही, आणि गुळगुळीत तळ बर्फावर घसरतो.

एक वस्तू मात्र घरूनच न्यावी: घोंगडी. धनगरी लोकरीची, जाडीभरडी, अंगाला टोचणारी. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. ती पांघरायची नाही, गादीखाली अंथरायची. एका खोलीला एक पुरे.

तंदूर पेटवणं आणि विझवणं

चुलीची सवय असलेल्यांना वाटतं यात शिकायचं काय. चूल उघडी असते, तंदूर बंद. हवा कुठून येते आणि धूर कुठे जातो, हे दोन्ही आपल्या हातात असतं आणि दोन्ही चुकवता येतं.

१. राख काढा. खाली जाळी नसेल तर बोटभर राख राहू द्या, तीवर निखारा टिकतो.

२. खालची हवेची खिडकी पूर्ण उघडा. नळीत झडप असेल तर तीही.

३. वर्तमानपत्राचा एक कागद पिळून नळीच्या तोंडाजवळ धरून जाळा. गोठलेल्या नळीतली जड हवा त्यानं तापून वर जाते. ज्वाला नळीकडे ओढली जाऊ लागली की नळी तयार. ही पायरी गाळली की सगळा धूर खोलीत.

४. चार-पाच बारीक काटक्या, त्यावर देवदाराच्या ढलप्या, त्यावर मनगटाएवढी फोडलेली दोन लाकडं, मध्ये फट ठेवून. खालून पेटवा. रॉकेल-पेट्रोल अजिबात नाही.

५. दहा मिनिटं दार बोटभर उघडं ठेवा. लाकडाला नीट जाळ लागला की दार बंद, हवेची खिडकी अर्धी.

६. पुढे दर वेळी दोनच लाकडं. ठासून भरलं की जाळ गुदमरतो आणि धुमसतो.

धूर उलटा येत असेल तर आधी स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा बंद करा. बंद घरात तो हवा बाहेर ओढतो आणि तिची जागा भरायला नळीतून धूरच आत येतो. नव्यानं आलेले हमखास इथे फसतात आणि मालकाला फोन करतात. त्यानंतर लाकूड तपासा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर कोरड्याचा टणक आवाज येतो, ओल्याचा बोदा. ओल्या लाकडाची बरीच आच आतलं पाणी उकळण्यातच जाते, आणि नळीत डांबरासारखी काजळी धरते, जी एखाद्या रात्री पेट घेते. तेवढ्यावरही धूर थांबला नाही तर नळीच्या टोकावर बर्फ साचला असेल. तो मालकालाच काढू द्या, छपरावर चढू नका.

ओले मोजे नळीवर टाकायचा मोह सगळ्यांना होतो. नळीपासून तीन फूट लांब दोरी बांधा, तीवर रात्रभरात वाळतात.

आता जिवाची गोष्ट. कोळशाची उघडी शेगडी खोलीत घ्यायची नाही, दार उघडं ठेवूनही नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूरही दिसत नाही. दर हिवाळ्यात उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती यामुळे. तंदूरही झोपण्याआधी मंद करून ठेवायचा नसतो. शेवटचं लाकूड झोपेच्या तासभर आधी घाला आणि ते पूर्ण जळू द्या. झोपायच्या खोलीची एक खिडकी दोन बोटं उघडी. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर तिथेही झरोका बुजवलेला नाही ना, ते बघा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ऑनलाइन मिळतो. निघण्याआधी मागवा आणि उशाच्या उंचीवर ठेवा. एका माणसाचं डोकं दुखलं तर प्रवासाचा शीण असेल. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम दुखू लागलं, मळमळ, चक्कर, गुंगी आली, तर विचार न करता सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावा.

राख दोन दिवस आत धग धरून असते. पत्र्याच्या डब्यात काढा आणि डबा बाहेर बर्फावर ठेवा, लाकडी ओट्यावर नाही.

विजेचा हीटर वापरायचा तर तेल भरलेला रेडिएटर बरा. ब्लोअरच्या गरम वाऱ्यानं घसा धरतो. दोन हजार वॅटचा रेडिएटर रात्री आठ तास चालला की सोळा युनिट होतात, म्हणून वीज भाड्यात आहे का ते आधीच ठरवा. तो थेट सोळा अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेन्शन बोर्डावर लावला तर वायर तापते, आणि घर लाकडाचं आहे.

पाणी

पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे नऊ टक्के वाढतं, म्हणून पाईप फुटतात. रात्री एक नळ धाग्याएवढी धार सोडून ठेवा, वाहतं पाणी सहज गोठत नाही. तरी झोपण्यापूर्वी दोन बादल्या आणि स्वयंपाकघरातली मोठी पातेली भरून ठेवायचीच. सकाळी नळाला पाणी नसेल तर गीझरचं बटण दाबू नका. आत पाणी नसताना किंवा गोठलेलं असताना तो चालू केला की कॉइल जळते. ऊन चढल्यावर, दहा-अकराला, पाणी आपोआप सुटतं. पाईपला पेटता कागद लावू नका.

पाणी अगदीच नसेल तर बर्फ वितळवता येतो. भुरभुरीत ताज्या बर्फाच्या दहा लिटरच्या बादलीतून लिटरभर पाणी मिळतं. पातेल्यात तळाला कपभर पाणी असू द्या, नुसता बर्फ टाकला तर भांडं करपून पाण्याला जळका वास लागतो. प्यायचं तर उकळूनच.

स्वयंपाक

उंचावर पाणी लवकर उकळतं, म्हणजे कमी तापमानाला: मनालीत सुमारे ९३ अंशाला, सिस्सूला ९० च्या आसपास. म्हणून उघड्या पातेल्यात तूरडाळ तास उलटला तरी दाताखाली येते. कुकर नसलेलं स्वयंपाकघर घेऊच नका. पाच लिटरचा कुकर आहे का आणि त्याची रबरी रिंग धड आहे का, विचारा. थंडीत रिंग कडक होते आणि वाफ बाजूनं जाते. लावण्याआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवली की बसते. डाळ गरम पाण्यात तासभर भिजवा आणि घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या. भाताला एक शिट्टी आणि अर्धी वाटी पाणी जास्त. मटण मंद आचेवर आणखी दहा मिनिटं.

तांदूळ, डाळ, कणीक, भाजी मनालीत मिळते, ती वाहून नेऊ नका. न्यायचं ते तिकडे न मिळणारं. कडक भाकऱ्या सहा जणांना चार दिवस साठ पुरतात. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या रचा, आडव्या ठेवल्या तर गाडीतच चुरा होतो. शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी प्रत्येकी पाव किलो, संकेश्वरी मिरचीचं तिखट, घरचा मसाला, दोन किलो गूळ. गोकाकचा करदंट लहान तुकडे करून न्या, बर्फातून फिरताना खिशात तो चॉकलेटपेक्षा बरा, कारण गोठून दगड झाला तरी डिंक-खोबऱ्यामुळे चावता येतो. कुंदा निघायच्या दिवशीच घ्या.

खोबरेल तेल बेळगावातच डिसेंबरात गोठतं, तिथे त्याचा उपयोग शून्य. अंगाला लावायला तिळाचं न्या, ओठांना-गालांना व्हॅसलीन. इडली-डोशाचं पीठ आंबत नाही, विरजण लागत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

गॅसची ज्योत सकाळी मरतुकडी दिसली तर सिलिंडर संपलेला असतोच असं नाही. थंडीत आतला द्रव गॅस नीट वायुरूप होत नाही. सिलिंडर घरात, जमिनीपासून वर फळीवर ठेवा आणि खोली उबदार होऊ द्या. त्यावर उकळतं पाणी ओतणं किंवा त्याला तंदूरजवळ नेणं हा वेडेपणा आहे.

रात्र, आज्जी-आजोबा आणि मुलं

थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. गादीखाली घोंगडी, वर एक रजई, तीवर दुसरी. दिवसाचे कपडे उतरवून कोरडा थर्मल जोड आणि राखून ठेवलेले मोजे घाला. तोंडावर पांघरूण ओढून झोपू नका, श्वासाच्या वाफेनं रजई आतून दमट होते. तोंड उघडं, कानटोपी डोक्यावर. सकाळी ऊन आलं की रजया उलगडून खिडकीत टाका. गरम पाण्याची रबरी पिशवी झोपण्याच्या अर्धा तास आधी पायथ्याशी. पाणी उकळतं नको, दोनतृतीयांश भरा, हवा दाबून काढा, जुना मोजा चढवा. विजेचं ब्लँकेट अंथरूण तापवून बंद करावं, आणि अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाखाली ते घालूच नये.

थंडीत रक्तदाब वाढतो. आजोबांची गोळी चुकता कामा नये, आणि निघण्याआधी डॉक्टरांना मुक्कामाची उंची सांगून या. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, वितळल्यावर नीट दिसलं तरी वापरायचं नाही. ते चेक-इन सामानात किंवा खिडकीजवळ न ठेवता कुणाच्या तरी आतल्या खिशात असावं. दम्याचा पंपही तसाच.

अडीच हजार मीटरच्या वर झोपायचं असेल तर आधी मनालीत दोन रात्री काढा. डोकेदुखी, भूक मरणं, ओकारी सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही, आणि वाढत गेली तर त्याच दिवशी खाली यायचं. उबेसाठी म्हणून दारू घेणं चुकीचं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते.

मूल खेळताना थरथरत असेल तर आत घ्या, कोरडं करा, गरम दूध द्या. थरथर थांबून ते सुस्त झालं, बोलणं अडखळू लागलं, हातातल्या वस्तू सुटू लागल्या, तर गंभीर आहे, दवाखाना गाठा. बोटं पांढरी, बधिर पडली तर बर्फ चोळायचा नाही, शेकोटीजवळही धरायची नाहीत, बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. अंगाच्या उष्णतेएवढ्या कोमट पाण्यात बुडवा.

बाहेर

नवीन बर्फ पडल्यावर पत्र्याच्या उतरत्या छपराखाली उभं राहू नका. ऊन लागलं की छपरावरचा थर एकदम घसरून खाली येतो. फूटभर जाडीचा ताजा बर्फ चौरस मीटरला तीसेक किलो भरतो, मुरलेला त्याच्या दुप्पट-तिप्पट. मुलांचा बर्फाचा बाहुला वळचणीपासून लांब अंगणात करा. दारातून बर्फावर जाताना पावलं आखूड टाका, हात खिशाबाहेर ठेवा. आज्जींच्या बुटांना रबरी पट्ट्यांचे खिळेवाले तळ चढवा.

ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांवर परत फेकतो. ढगाळ दिवशीही काळे चष्मे सगळ्यांना, मुलांना आधी. दोन तास उघड्या डोळ्यांनी खेळलं की संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही, कारण ऊन खालून येतं. मोबाइलची बॅटरी थंडीत बसते, तो आतल्या खिशात ठेवा. वीज-नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत, म्हणून चार दिवस पुरेल इतकी रोकड जवळ असू द्या.

मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या काही गावांत मकर संक्रांतीपासून ४२ दिवस देव स्वर्गात गेलेले मानतात. त्या काळात टीव्ही, मोठा आवाज, शेतीची कामं बंद. यात्रेआधी आपल्या गावांतून वार पाळतात, ते पाळणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. मुक्काम तिथे असेल तर स्पीकर घरी ठेवून जा.

परत येताना

शेवटच्या दिवशी बर्फात खेळायचं नाही, किंवा खेळायचं तर भाड्याच्या कपड्यांत. ओली लोकर बॅगेत भरून दोन रात्रींचा रेल्वेप्रवास केला की तिला बुरशी धरते. नळ, गीझर, गॅस बंद केल्याचं मालकाला दाखवा. राखेचा डबा कुठे ठेवलाय ते सांगा.

दिल्लीहून परतीची गाडी मनाली सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशीची घेऊ नका. घाटात बर्फानं रस्ता अडू शकतो, आणि जानेवारीत पंजाब-हरियाणात असं धुकं पडतं की बस पहाटे रस्त्याकडेला उभी राहते. मध्ये पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा आणि दिल्लीतली खोली परत देता येईल अशा अटीवर घ्या.